थुजाची एकेक गोळी

आई, गेल्या आठवड्यात मी एका होमिओपॅथी कॉलेजात भाषण द्यायला गेले होते. हे ऐकून तू पोट धरून हसली असतीस. विषय त्यांनीच दिला होता, भौतिकशास्त्र आणि पूरक उपचारांचे पुरावे. या दोन्हींबद्दल एका दमात बोलेल असं नागपुरात दुसरं कोणी त्यांना सापडलं नसावं. एके काळी आपल्या एकाच घरात दोन्ही बाजू नांदत होत्या आणि त्यांचं एकमेकींशी पटत नव्हतं, हे त्यांना काय माहीत. भाषणात मी आपला चामखिळीचा प्रयोग सांगितला. ती डॉक्टर माझी आई होती हे मात्र सांगितलं नाही, 'एक अनुभवी डॉक्टरबाई' एवढंच म्हटलं. भाषण संपल्यावर तिथल्या एका तरुण डॉक्टरणीने एक प्रश्न विचारला. घरी आल्यापासून तोच डोक्यात घोळतो आहे. पण क्रमाने सांगते, कारण मी कुठलीही गोष्ट शेवटापासून सुरू करते अशी तुझी कायमची तक्रार असायची.

तुझा कामठीचा दवाखाना म्हणजे एक खोली, एक बाक आणि भिंतीला लावलेलं काचेचं कपाट. शेजारी यंत्रमागांची खडखड दिवसभर चालू असायची, त्यामुळे पेशंट आपलं दुखणं ओरडून सांगायचे आणि बाकावरच्या सगळ्यांना एकमेकांच्या पोटाच्या तक्रारी पाठ असायच्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी शेअर ऑटोने तिथे यायचे आणि साखरेच्या साध्या गोळ्या शिश्यांत भरायचे. त्यावर तू औषधाचे थेंब टाकायचीस. घाई असली, औषध संपत आलं असलं, की तुमच्या लोकांची आणखी एक रीत होती. साध्या गोळ्यांच्या शिशीत औषध लागलेली एकच गोळी टाकायची, शिशी तळहातावर दोन-चारदा आपटायची, की सगळी शिशी औषधाची. 'विरजण लावतो ना वं, तसंच,' तू म्हणायचीस. मला ते पूर्ण पटायचं. गोळ्या चालू असताना कच्चा कांदा खाल्ला की औषध पळून जातं हेही पटायचं. झुणक्यासोबत कांदा न खाता काढलेले ते दिवस मला अजून आठवतात.

मग मी भौतिकशास्त्र शिकायला लागले, तेही कागदावरचं, सिद्धान्ताचं, आणि घरात कुणाचंच ऐकेनाशी झाले. तुझ्या दोनशे पोटन्सीच्या, म्हणजे दोनशे वेळा पातळ करत नेलेल्या शिशीत मूळ औषधाचा एक रेणूसुद्धा उरलेला नसतो, हे मी तुला जेवता जेवता ऐकवलं. तू शांतपणे वरण वाढत म्हणालीस, 'मले माहीत आहे. आम्हाले पहिल्याच वर्षी सांगतात ते. पण रेणूच पाहिजे, हे कोणी सांगितलं तुले?' वर तूच पेपरच्या रविवार पुरवणीतलं काहीबाही वाचून मला गाठायचीस. 'तुमच्यात ते दोन कण राहतात म्हणे, एकाले हात लावला का दूरच्याले समजते?' मी चिडून सांगायचे की समजत बिमजत काही नाही, फक्त दोघांची मोजमापं जुळतात. 'जुळतात ना? मग माझं काय वेगळं म्हणणं आहे?' माझं क्वांटम मेकॅनिक्स तुझ्यापुढे असं वाटीभर वरणात बुडायचं. पण एकदा तू सरळच विचारलंस, 'माझे पेशंट बरे होऊन राहिले, ते काहून?' मी म्हटलं, आपोआप. सर्दी, चामखीळ, अंगावरचे पुरळ, निम्मी दुखणी आपोआप जातात. तू हातातली पळी खाली ठेवलीस. 'मग मी काय करून राहिली तिथं इतके वर्षं?' मग पळी पुन्हा उचलत तूच म्हणालीस, 'तुले मोजता येते ना? मोजून दाखव.'

चामखीळ तू निवडलीस. दिसते, मोजता येते, आणि औषध थोडं उशिरा मिळालं तरी कुणाचं काही बिघडत नाही. आकड्यांची व्यवस्था माझी. अर्ध्या शिश्यांत थुजा, जे तू चामखिळीवर नेहमी द्यायचीस, आणि अर्ध्यांत नुसतं स्पिरिट शिंपडलेल्या साध्या गोळ्या. शिशीवर फक्त आकडा. कोणता आकडा कशाचा, हे ना तुला माहीत ना पेशंटला. पेशंटना तू सगळं समजावून सांगत होतीस आणि मी बाकावर बसून ऐकत होते. 'डॉक्टरबाई, माह्या वाट्याले खाली शिशी आली त?' एका मावशींनी विचारलं. खाली म्हणजे औषध नसलेली. 'तर मंग असली देईन ना वं, पळून चालली का मी?' तू म्हणालीस. मावशी हसल्या आणि हात पुढे केला. साध्या गोळ्या कुणाला जाताहेत हे कळायला मार्ग नसल्याने तू सरसकट सगळ्यांचाच कांदा बंद केलास.

निकाल मी तुला स्वयंपाकघरात सांगितला. उन्हाळ्याची दुपार होती, कूलरचं वारं ओट्यापर्यंत पोचत नव्हतं, आणि तू कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्या तळत होतीस. दोन्ही गटांत चामखिळी सारख्याच गेल्या होत्या. बऱ्याच जणांच्या गेल्या, काहींच्या राहिल्या, पण थुजामुळे फरक म्हणावा असा काही दिसला नव्हता. मी हे अगदी कोरड्या आवाजात सांगितलं. आतून मला आनंद झाला होता, ते कशाला लपवू. तू कढईकडे बघत राहिलीस. एक वडी उलटलीस, मग दुसरी. मग म्हणालीस, 'फरक कसा राहीन? सगळ्याइलेच औषध भेटलं.'

'म्हणजे?'

'कोणती शिशी खाली आहे, मले का माहीत? म्हणून मी सगळ्यांतच थुजाची एकेक गोळी टाकून देली. माझ्या पेशंटले मी खाली शिशी देऊ का?'

'आई, काहून केलं असं? सगळं मुसळ केरात गेलं.'

'केरात काहून? बरे झाले ना लोकं?'

मला इतका राग आला की मी वडी न खाता उठले, आणि सांबारवडी सोडून मी कधी उठत नाही हे तुला ठाऊक होतं. नंतर राग उतरल्यावर तिढा लक्षात आला. माझ्या हिशेबाने त्या एका गोळीत काहीच नव्हतं, म्हणजे प्रयोग शाबूत होता आणि निकाल खरा होता. तुझ्या हिशेबाने साध्या गोळ्या साध्या राहिल्याच नाहीत, सगळ्यांना औषध मिळालं आणि लोक बरे झाले, म्हणजे तू जिंकली होतीस. प्रयोग रद्द करावा, तर त्या एका गोळीत काहीतरी असतं हे मान्य केल्यासारखं होतं. छापावा, तर डॉक्टरने शिश्यांना हात लावला हे लपवावं लागत होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी तो कुठेच छापला नाही. तू एकदा म्हणालीस, पुन्हा करू. मी म्हटलं, तुझ्या हातात शिश्या देऊन नाही. तू दवाखाना शेवटपर्यंत पूर्वीसारखाच चालवलास. माझ्याजवळ त्या दोन कणांचा विषय मात्र पुन्हा काढला नाहीस.

तू गेल्यावर मी हा किस्सा भाषणांत सांगायला लागले. प्रयोगात डॉक्टरला अंधारात का ठेवावं लागतं, आणि ठेवूनही दयाळू डॉक्टर कशी वाट लावतो, याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. लोक दरवेळी हसतात. त्या कॉलेजातही हसले, जरा अभिमानानेच हसले. मग मागच्या रांगेतली ती डॉक्टरीण उठली. 'मॅडम, गोळ्या टाकल्याचं त्या डॉक्टरबाईंनी केव्हा सांगितलं? निकाल समजायच्या आधी का नंतर?' मी म्हटलं, नंतर. 'मग टाकल्याच होत्या, हे कशावरून?' तिच्या विचारण्यात खोच नव्हती. पुढच्या महिन्यात ती स्वतःचा प्रयोग सुरू करणार आहे, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, तपासायचा काही मार्ग नाही. आणि पाणी प्यायले.

आई, दुसऱ्यांच्या आकड्यांवर मी कधी सहजासहजी विश्वास ठेवत नाही. तुझ्या तोंडच्या एका वाक्यावर मात्र इतकी वर्षं ठेवला, आणि त्यात तपासण्यासारखं काही आहे हे मला सुचलंसुद्धा नाही. दूध उतू गेलं तर शेजारणीलाही सांगणारी बाई तू, तू खोटं कशाला बोलशील? त्या शिश्या आज जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत दिल्या, तरी तू गोळी टाकली होतीस की नाही हे कुणी सांगू शकणार नाही. ज्या दोन अवस्थांमधला फरक कुठल्याही मोजमापाने कळत नाही, त्या दोन नाहीतच, ती एकच अवस्था, असं मी मुलांना फळ्यावर लिहून शिकवते. माझ्या शास्त्राप्रमाणे तू गोळी टाकलीस काय आणि न टाकलीस काय, सारखंच. तरी आठवडाभर मला दुसरं काही सुचत नाही.

टाकली असशील, तर त्या दुपारी मी जे बोलले त्याने तू तसूभरही हलली नाहीस. टाकली नसशील, तर वडी उलटता उलटता माझं म्हणणं तुला पटलं होतं. कामठीतली ती सगळी वर्षं त्या क्षणी फुकट गेल्यासारखी तुझ्यापुढे उभी राहिली असतील, आणि तू सुचलं ते बोलून गेलीस. हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते एका परीने बरंच आहे. तुला माझं पटावं म्हणून मी अर्धं आयुष्य तुझ्याशी भांडले. आता वाटतं, ते तुला कधीच पटलेलं नसू दे.