बाराव्या भागातली आई

तीर्थरूप आईस,
चादरींच्या ढिगावर कागद ठेवून साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. इस्पितळाच्या धुलाईखान्यातलं काम अंगवळणी पडलंय आणि जेवणही वेळेवर होतं. फक्त परवा जेवणाच्या सुट्टीत माझी जरा फजिती झाली.

मी मोबाईलवर एक कोरियन मालिका बघत होते. त्यातली आई लेकीपासून आजार लपवते आणि बाराव्या भागात जाते. मी तिथेच हमसून हमसून रडायला लागले. आमच्या मुकादमबाई धावत आल्या. एरवी फटकळ तोंडाच्या, पण त्यांनी मला चक्क पोटाशी धरलं.

"कोण गेलं गं?"

"आई," मी म्हणाले.

सगळा धुलाईखाना गोळा झाला. यंत्रं बंद झाली. दोघीजणी तर डोळे पुसायला लागल्या. मग मला सांगावंच लागलं, "माझी नाही हो, मालिकेतली!"

मुकादमबाईंनी मालिकेचं नाव विचारलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बये, मी अजून आठव्या भागावर आहे!"

दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आज सुजलेले डोळे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "संपवली एकदाची. तू आधी घरी चौकशी कर."

आई, मालिकेतली ती बाईसुद्धा लेकीला फोनवर तुझ्यासारखंच "मला काय धाड भरलीय" म्हणायची. दादाला विचारलं तर तो विषय बदलतो. तुझ्या छातीच्या तपासणीचं काय झालं? डॉक्टर काय म्हणाले? रडायची मला आता सवय झालीय, तेव्हा खरं तेच लिही.

तुझी,
धाकटी