बारावा खुनी

३ जून
नवी कादंबरी सुरू. बारावी. प्रकाशक म्हणाले, मागच्या वेळी वाचकांनी खुनी अर्ध्यातच ओळखला, यंदा असं झालं तर आपला रामराम. हसत म्हणाले, पण म्हणाले. असो. यंदाचा खुनी ब्रह्मदेवाच्या बापालाही सापडणार नाही.

६ जून, सकाळी
पहिली तीन प्रकरणं झोकात. बायकोला वाचायला दिली. भाजी निवडता निवडता म्हणाली, डॉक्टर. नशीब असतं एकेकाचं.

९ जून
डॉक्टरला मारून टाकलं. आता खुनी वकील. बायको म्हणाली, वकील.

१३ जून
वकीलही गेला. खून आंधळ्या आत्याच्या हातून करवला. तरी ओळखलं! निषेध म्हणून जेवलो नाही. चारला जेवलो, पण ते भूक लागली म्हणून.

१४ जून
शेवटी विचारलंच, कसं ओळखतेस? म्हणाली, अहो, त्यात काय ओळखायचं, तुमचा प्रत्येक खुनी म्हणजे माझा भाऊ. न विचारता सल्ले देतो, चहाचे भुरके मारतो, स्वतःच्याच विनोदाला हसतो. साफ खोटं. मेहुण्याबद्दल माझ्या मनात काहीही नाही. जुनी पुस्तकं काढून चाळली. च्यायला. आत्यासुद्धा भुरके मारते.

१५ जून
मेहुणा हद्दपार. नवा खुनी सभ्य, अबोल. चहा घेतच नाही.

२२ जून
कादंबरी पूर्ण. बायको हरली! मध्येच झोप लागली होती तिला, पण हरणं ते हरणंच.

२५ जून
प्रकाशकांचा फोन. खुनी कुणालाच ओळखता आला नाही म्हणाले. मी आभार मानले. ते म्हणाले, शेवट वाचूनही पटत नाही, हा माणूस मुंगी मारणार नाही. आधीच्या खुन्यांची कशी चीड यायची! ओळखू आला तरी चालेल, पण तसला आणा. एक तारखेपर्यंत.

२७ जून
मेहुणा लिहायला बसलो. जमत नाही. बायको वाचणार हे डोक्यात असतं, आणि तो पानापानाला गुणी होत जातो. नाइलाजानं म्हटलं, तुझ्या भावाला चार दिवस राहायला बोलाव. तिचे डोळे भरून आले. लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणालात, म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

३० जून
काल मेहुणा आला. बॅग टेकवायच्या आधीच विचारलं, भावोजी, या वेळी मी कुणाला मारायचं? त्याला पहिल्या पुस्तकापासून माहीत आहे! ऑफिसात सगळ्यांना अभिमानानं सांगतो म्हणे, आमच्या भावोजींचा खुनी मीच. माझ्या लेखनाबद्दल इतक्या कौतुकानं आजवर घरात कुणी बोललेलं नाही. सकाळपासून राग यायची वाट बघतोय. उद्या एक तारीख, आणि मला हा माणूस आवडायला लागलाय.