पत्रिकेतली वाकडी

६ जानेवारी, सोमवार
आबा नाहीच म्हणाले! लेकीनं, स्वप्नालीनं, लग्नासाठी भूपेशचं नाव काढलं तेव्हा ठीक होते. मुलगा सिंधी, तेही चाललं. घर उल्हासनगरला, कॅम्प चारला, लग्नाचा हॉलही तिथलाच म्हटल्यावर मात्र माझ्या सासऱ्यांनी ताट सरकवलं. "माजे बापाचे शेतान मी पावना म्हनून जाऊ? नाय येनार!"

त्या शेताचं नाव वाकडी. बांध वाकडा होता म्हणून. आबा सहा वर्षांचे असताना इंग्रजांनी लढाईच्या छावणीसाठी घेतलं. लढाई संपली, शेत काही परत आलं नाही. फाळणी झाली आणि त्याच छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं उतरवली. भूपेशचं घर नेमकं तिथेच!

स्वप्नाली म्हणते, आबांनी अक्षता टाकल्या नाहीत तर मी बोहल्यावर चढणार नाही. आजोबा तसे, नात तशी. मधे मी.

८ जानेवारी
नववीच्या वर्गावर — देश जमीन कशी मिळवतात. जिंकून, तह करून, विकत घेऊन. अलास्का रशियानं विकला. मुंबई बेट पोर्तुगालनं राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला दिलं, यावर वर्ग खो खो हसला. करिष्मानं हात वर केला — "मॅडम, तिथल्या लोकांना विचारलं होतं का?"

नाही गं. वीस वर्षं शिकवतेय, मला हा प्रश्न कधी पडला नाही. लाज वाटली. आबांनाही कुणी विचारलं नसेल.

१२ जानेवारी, रविवार
भूपेशची दादी आली! ते येत नाहीत तर मी जाते, म्हणाली. पंचाऐंशीची बाई, मोरिवलीला आमचा जिना चढून.

आबांनी तोंड फिरवलेलं. ती सरळच बोलली, "भाऊ, तुमची जमीन आम्ही माँगी नव्हती. ट्रकनं जिथं उतरवलं, वहीं बैठ गए."

मी चहा पुढे ठेवला. मग आबा — "तुमचा गाव कंचा?"

"गढी यासीन. सिंध में. आगे बाप की दुकान, पीछे घर."

"आता कोन ऱ्हाते तिथं?"

"पता नहीं. कोणीतरी राहत असेल. हमारे जैसा ही कोई, इधर से गया हुआ."

आबांनी तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. मग अट घातली — पत्रिकेत हॉलच्या पत्त्याखाली 'वाकडी' छापा, तरच येईन. दादी हसली. "फिर मेरा गढी यासीन भी डालो!"

१३ जानेवारी
स्वप्नाली कपाळाला हात लावून — "मम्मी, लोक नवरीलाच वाकडी म्हणतील!" किती दिवसांनी हसलो.

१७ जानेवारी
छापखान्यातून फोन. पत्त्याखाली एकच ओळ बसते. वाकडी की गढी यासीन? जमलेलं पुन्हा फिसकटणार! महेंद्रला म्हटलं, तुमचे वडील, तुम्ही विचारा. तर नवरा नेहमीप्रमाणे टॉवेल घेऊन अंघोळीला पळाला.

१८ जानेवारी
शेवटी मीच विचारलं. आबा सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "वाकडी काढून टाक. वाकडीवर मी रिक्षान बसून जाईन. तिनी तिचे गावाला कसा जायाचा?"