फाशीच्या माणसाची बाजू

प्रिय बाबा,

काल मी वर्गात एका मुलीचं डोकं फोडलं. हो, तुमच्या मीनूनं! दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत आपणच सांगावं म्हणून लिहायला बसले, आणि मग लक्षात आलं, आता तुम्हाला कोण सांगणार?

एम.ए.ला राज्यशास्त्राचा एक जुना, जाडजूड ग्रंथ लागलाय. मोकळं सोडलं तर माणसं एकमेकांना मारत सुटतील, म्हणून सगळ्यांनी मारायचा हक्क राज्यसत्तेच्या हवाली करायचा, असं त्यात आहे. इथपर्यंत मला पटत होतं. बाजारातल्या बॉम्बस्फोटासाठी पकडलेल्यांना सरकार कधी मारतंय, याचीच तर मी वर्षभर वाट पाहतेय.

काल वर्गातली, चौमूं गावाहून रोज येणारी सुनीता पुढचा भाग समजावत होती. फाशीची शिक्षा झालेल्या माणसालाही जीव वाचवायला झटापट करायचा हक्क उरतो, कारण स्वतःचा जीव कुणी कुणाच्या हवाली करू शकत नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, "मीनू के सामने मत बोल, यार."

"मैं कहाँ, किताब बोल रही है," ती म्हणाली.

मी स्टीलची बाटली फेकून मारली. भुवई फाटली, रक्त ओढणीवर उतरलं. आणि बाबा, मला बरं वाटलं! अगदी पोटातून बरं वाटलं.

का गेलात त्या मंगळवारी बाजारात? लोणच्याची बरणी इथं आपल्या मानसरोवर कॉलनीत मिळाली नसती? हॉस्पिटलात काका मला आत सोडत नव्हते. मी घुसलेच. खिशातलं पेन तुमच्या छातीत रुतलं होतं. चेहऱ्याची एकच बाजू शिल्लक होती. तेव्हापासून मनात मी रोज त्या पकडलेल्यांपैकी एकाला मारते. कधी विटेनं, कधी नुसत्या हातांनी. तो सुटायला धडपडतो, तेव्हा मी जास्त जोर लावते.

तुमचाही राग येतो. सारख्या बदल्या, त्यामुळे चौथीपर्यंत माझी शाळा म्हणजे तुम्हीच. कारलं नको म्हटलं की म्हणायचात, "आधी कारल्याची बाजू मांड. कारल्यानं मान डोलवली पाहिजे. मग तुझं 'पण' सांग."

आई वैतागायची, "अहो, पोळी गार होतेय तिची!"

कशाला शिकवलंत असलं? ज्यांनी तुम्हाला मारलं, त्यांना कुणी शिकवलं होतं का?

आज सुनीताकडे जाऊन आले. टाके पडलेत. मॅडम तक्रार कर म्हणत होत्या, तिनं केली नाही. मी माफी मागितली, तर म्हणाली, "सॉरी अपने पास रख. सोमवार को वो हिस्सा तू समझाएगी. पूरा. मैं सामने बैठूँगी."

दुपारपासून तयारी करतेय. त्याच्या गळ्यात दोर आहे, तो लाथा झाडतोय, आणि मला त्याच्या बाजूनं बोलायचंय. यात तुम्हाला सोडून दिल्यासारखं होईल का हो? आणि सगळं नीट मांडून झाल्यावर माझ्याकडे विरोधात बोलायला काहीच उरलं नाही तर?

तरी वचन देते. सोमवारी त्यातलं एक वाक्यही गाळणार नाही. आवाज कापला तर कापू दे. राग जाईल, एवढं वचन मात्र मागू नका. तो घेऊनच मी उभी राहणार आहे.

तुमची,
मीनू