दहापैकी दहा

॥ श्री ॥
बाळकुम, ठाणे
दि. १३ जानेवारी २०२५

स्वस्ति श्रीमत् कोपर-मंडल-मंडन, शनिवासरीय-सभाधिष्ठात्री, चतुर्दश-गुटिका-प्राशिनी, छत्रचामरांपैकी भर दुपारी केवळ छत्र धारण करणाऱ्या, अखिल-संधिशूल-विजयिनी, तीर्थरूप जयाताई यांचे चरणी कनिष्ठ बंधू सुशांत याचा साष्टांग दंडवत (कंबरेस मान्य होईल तितका). वि. वि.

दोन सोमवार लोटले, आपले पत्र नाही. आपल्याच आजारी बायकांच्या शनिवारच्या मंडळाचा नियम असा, की प्रत्येकीने आठवड्याचा एक लहानसा संकल्प सोडावा आणि तो तडीस जाण्याची खात्री शून्य ते दहा यांत सांगावी. सातच्या खाली आली तर संकल्पच लहान करावा. आखडलेल्या बोटांनी भावास एक पान लिहावे, हा आपला संकल्प, खात्री आठ. त्या आठाचे काय झाले, हे विचारण्याचा अधिकार मला टपालखात्याचा अखेरचा निष्ठावंत या नात्याने आहे.

ल्यूपस या व्याधीत शरीराचेच सैन्य शरीराच्याच किल्ल्यावर चालून जाते, हे आपण त्या बायकांना इतके सुबोध सांगता की डॉक्टरीणबाईही वही काढून बसतात, असे आपणच कळवले होते. औषध डॉक्टरांनी द्यावे, पण दुखण्यासह जगावे कसे हे आजारी बाईनेच आजारी बाईस शिकवावे, ही कल्पना मला उपनिषदांच्या तोडीची वाटते. तरी आचार्यांनी मौन सोडावे.

लोभाचे नूतनीकरण व्हावे, ही प्रार्थना.
आपला आज्ञाधारक (अपवाद वगळून),
सुशांत

कोपर, डोंबिवली (प.)
दि. २१ जानेवारी २०२५

चि. सुशांत यास अनेक आशीर्वाद.

तुझी बिरुदे पोचली. त्यांतली सभाधिष्ठात्री तेवढी परत घे.

आमच्यातली ऐश्वर्या गेली. तेवीस वर्षांची होती. मूत्रपिंडे निकामी झाली आणि चार दिवसांत सगळे आटोपले. तिने ऑक्टोबरपासून स्टिरॉईडच्या गोळ्या बंद केल्या होत्या. घरचे स्थळे पाहत होते, गोळ्यांनी चेहरा सुजतो, आणि फोटो काढायचा होता.

गोळ्या वेळेवर घेईन, हाच तिचा संकल्प. दर शनिवारी खात्री दहा. मी फळ्यावर दहा लिहायचे, बाकीच्या टाळ्या वाजवायच्या. परवा भेटायला गेले तेव्हा तिची आई म्हणाली, की पोर घरी सांगायची, जयाताई एवढे दुखते सांधे घेऊन आमच्यासाठी येतात, त्यांच्या तोंडावर कमी कसे सांगायचे, बरे दिसत नाही. सुशांत, तो आकडा ती स्वतःला देतच नव्हती रे, मला देत होती. वाढणारीचे मन राखायला पोट भरले म्हणावे, तसा. आणि मी तो खरा धरला.

आईने दोष दिला नाही. चहा दिला.

शनिवारी मी गेले नाही. पाच दिवस माझ्याही गोळ्या डबीत तशाच आहेत. ठरवून नाही, डबी उघडते आणि हात पुढे जात नाही. तिच्या गळी उतरवता आल्या नाहीत त्या स्वतः गिळाव्या, हे जमत नाही. मंडळ बंद करते आहे. रागावू नकोस.

लोभ मी मागितला नाही तरी असू दे.
तुझी ताई,
जया

बाळकुम
दि. २४ जानेवारी २०२५

ताई, दंडवत.

आज बिरुदे नाहीत. तीनदा लिहू गेलो, प्रत्येक समास मधेच तुटला.

त्या गोळ्या एकाएकी सोडणे जिवावर बेतते, हे तूच त्यांना शिकवतेस; मी काय सांगणार! एक मात्र कबूल करतो. गुडघे आज सोसवत नाहीत असे तू लिहायचीस आणि मी उलट टपाली विनोद धाडायचो. तेही माझे दहापैकी दहाच होते. तू हसावीस म्हणून नव्हे, पुढे विचारावे लागू नये म्हणून.

आता विचारतो. उद्या सकाळी गोळ्या घेशील, याची खात्री किती? शून्य असेल तर शून्य लिही. मला वाईट वाटेल; ते माझे मी पाहीन. हे पत्र टपालात टाकत नाही. स्वतः दाराखालून सरकवून, उत्तर येईतो तुझ्या जिन्यात बसणार आहे.

लोभ तुझ्याकडेच ठेव, मला आकडा दे.
सुशांत

कोपर
दि. २ फेब्रुवारी २०२५

चि. सुशांत यास आशीर्वाद.

जिन्यात तुला चिठ्ठीवर नुसते तीन लिहून दिले, त्यापुढचे आज लिहिते. तीन म्हणजे नियमाने नापास. म्हणून संकल्प लहान केला. पुढचे दिवस नाहीत, चौदा गोळ्याही नाहीत, फक्त समोरची एक. ती घेतली. मग दुसरी. डॉक्टरीणबाई फार बोलल्या. लघवीतून प्रथिने जाऊ लागली आहेत. मूत्रपिंडांचे आताच काही सांगता येत नाही म्हणाल्या.

काल मंडळात गेले. फळ्यावर आधी माझे तीन लिहिले. मग बायजामावशी, ज्यांचा दहाचा आकडा सहा महिने ढळला नव्हता, पदर सारखा करत म्हणाल्या, की माझा मेला कधी दोनच्या वर नव्हताच, लाजेपायी वाढवून सांगत होते. मग एकेकीचा आकडा खाली येत गेला. सात कोणाचाच नव्हता. टाळ्या वाजल्या नाहीत. ऐश्वर्याचे नाव कोणी पुसलेले नाही. त्यापुढे मी काही लिहिले नाही.

बरे वाटले का, असे विचारशील. नाही वाटले. पुढच्या शनिवारी जाईन याची खात्री पाच.

आहे त्या लोभात भागवून घे.
जया

ता. क. सभागृहाच्या स्वच्छतागृहाला हल्ली कुलूप असते. आमच्यातल्या निम्म्या जणी लघवी होण्याच्या गोळ्यांवर. किल्ली सचिवांकडे, आणि सचिव दर शनिवारी खोपटला मुलीकडे. लेखी अर्ज द्या म्हणतात. अर्ज फक्त शनिवारी घेतात.