पांदणीवरची साखळी

मुक्काम भातकुलीजवळ
(पिनकोड लिहीत नाही, तो सरकारी आहे.)

माननीय किसनरावभाऊ यांना खुशालरावाचा वऱ्हाडी रामराम.

तुमचे गुडघे काय म्हणतात? तानुबाईंचा खोकला गेला का? इकडे तुमची बहीण वच्छला ठणठणीत आहे. आवाजावरून तर फारच. तुम्ही छत्तीस वर्षं सरकारी नोकरीत काढली, म्हणून पुढचं मनाला लावून घेऊ नका. पत्र सूनबाई रागिणीच्या हातून पाठवतो, कारण पोस्ट सरकारी. (ती एसटीने अर्ध्या तिकिटात अकोल्याला येईल. त्या अर्ध्याचा दोष तिच्यावर.)

तर भाऊ, मी सरकार सोडलं. पुष्कळ विचार केला. सरकार म्हणजे आपलाच विळा नेऊन आपलंच गवत कापतं आणि आपल्यालाच पेंढी देऊन फोटो काढतं. आणि पैसा म्हणजे विसराळू माणसांची सोय. ज्याला शेजाऱ्याचे उपकार आठवतात त्याला नोट लागत नाही. हे कुठं वाचलेलं नाही, बैलांमागं चालता चालता सुचलं.

आमची शेताकडची पांदण, म्हणजे ती गाडीवाट, तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात तिथं बैलाचं पोट टेकतं. टोकाला सत्यभामा माळणीचा मळा. नवरा गेल्यापासून बाई एकटी वांगी पिकवते, पण पाऊस लागला की गाडी निघत नाही आणि अर्धी वांगी मळ्यातच सडतात. अर्ज करून आम्ही म्हातारे झालो. शेवटी मी म्हटलं, अर्ज बंद, इर्जिक करू. (अकोल्यात राहून विसरला असाल तर सांगतो: एकाच्या कामाला सारा गाव आपापले बैल घेऊन येतो, मजुरी घेत नाही, जेवण मात्र पोटभर घेतो.) माझ्या बरड रानातला मुरूम, लोकांच्या गाड्या, आणि गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांसोबत भाजीला सगळी वांगी सत्यभामेची. चार दिवसांत पांदण अशी झाली की तिच्यावर वाळवण घालावं. ना ठेकेदार, ना नारळ, ना भाषण. (भाषण झालं, पण ते माझं होतं.)

पाचव्या दिवशी कुणाच्या तरी भरल्या ट्रॅक्टरने मुरमात चाकोऱ्या पाडल्या. एवढी मेहनत उघडी कशी टाकायची? म्हणून साखळी लावली. साखळीला माणूस लागतो, म्हणून गावातल्या देवीदासला बसवलं. कुणाला सोडायचं हे त्याला कळावं म्हणून चिठ्ठी, चिठ्ठी लिहायला अध्यक्ष, आणि बाकी सगळे घाईत होते म्हणून अध्यक्ष मी. देवीदासच्या पोटासाठी घरटी पायलीभर ज्वारी ठरली. हा कर नव्हे भाऊ. ज्याने त्याने स्वखुशीने द्यायची, आणि जो स्वखुशीने देणार नाही त्याची चिठ्ठी बंद.

सत्यभामेकडे ज्वारी नाही. ती म्हणाली, वांगी घ्या. पण नियमात वांगी नाहीत. माझा जीव तुटला, पण एकीला सवलत दिली की सरकारात आणि आपल्यात फरक काय राहिला? तेव्हापासून तिची गाडी मळ्यात आणि वांग्यांचं टोपलं डोक्यावर.

परवा मी कडब्याची गाडी घेऊन शेतातून निघालो, तर साखळी लागलेली.

"चिठ्ठी?" देवीदास म्हणाला.

"अरे, चिठ्ठी लिहितो कोण?"

"तुमीच. पन तुमीच सांगतलं होतं काकाजी, घरच्या मान्सालेबी सोडू नोको."

पुस्तक घरी, मोबाइल घरी. म्हटलं, गाडी इथं सोडून पायी जातो. तर तो म्हणे, पांदणीवर गाडी उभी करून जायची मनाई आहे, कलम चार. (कलम चार चांगलं आहे. मीच सुचवलं होतं.) दोन तास उन्हात बसलो. तेवढ्यात टोपलं घेऊन सत्यभामा आली, साखळीखालून निघाली आणि वळून म्हणाली, "काहून भाऊजी, सरकार गेलं म्हनत होते ना? मंग हे कोन बसून राह्यलं?" माझ्या हातावर एक काकडी ठेवली आणि वच्छलेला निरोप द्यायला गेली.

वच्छलेने पुस्तक आणलं. मी माझ्याच नावाची चिठ्ठी लिहून सही केली. देवीदासने ती उलटी धरून पाहिली. "सही तं कोनीबी करते काकाजी. शिक्का कुठं हाय?" त्याला वाचता येत नाही, त्याचा दोष नाही. शेवटी वच्छलेनेच साखळी काढली. ती त्याच्याशी काय बोलली ते लिहीत नाही.

तात्पर्य, माणसं मुळात चांगली असतात, त्यांना सरकार नको. थोडी व्यवस्था असली म्हणजे झालं. तानुबाईंना नमस्कार.

तुमचा
खुशालराव

ता. क. अकोल्यात शिक्के बनतात. एक करून पाठवा: 'अध्यक्ष, पांदण स्वातंत्र्य समिती'. गोलच पाहिजे, चौकोनी शिक्क्याला लोक जुमानत नाहीत. तुमच्या जुन्या हापिसात शाईची गादी शिल्लक असेल तर तीही.

ता. क. दुसरी. दादा, मी वच्छला. यायनं पत्र चिकटवाले मह्याजवळ देलं. शिक्का करू नोको. साखळी मी आज सकाळी आनली आन् गोऱ्ह्याले बांधली. सत्यभामाची गाडी वांगे घेऊन अमरावतीले गेली, देवीदास तिच्याच गाडीवर बसून गेला. यायले सांगतलं नाही. ओट्यावर बसून वांग्यायचं कलम लिहून राह्यले: ज्वारी नसंल तं वांगेबी चालतीन. लिहू दे. तिनं तुयासाठी वांगे देले, रागिणीजवळ आहेत. भरून कर म्हनावं वहिनीले.