एलिसेओचे नाव कोणत्या पाएयेला द्यावे याबद्दल

मी, हर्मिनिया आलापोंत मातोसेस, कै. एलिसेओ फोस यांची पत्नी, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार सुएका, प्रांत व्हॅलेन्सिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, आणि ते डॉक्टर माझ्या मुलाच्या ओळखीचे नाहीत याची खात्री मी आधी करून घेतली आहे. नोटरीबाई म्हणाल्या, स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. लागत नसतील. मी दोन घेतले आहेत.

एक. तळ्याकाठची भाताची खाचरे माझा मुलगा राऊल आणि माझी मुलगी फिना यांना निम्मी निम्मी मिळावीत. कायदाही जवळपास तेच म्हणतो, त्यामुळे यात माझे औदार्य कोणी शोधू नये. बांध कुठून जातो ते दोघांनी उजेडात, एकत्र उभे राहून पाहावे.

दोन. राहते घर, मागची चुलीची पडवी आणि संत्र्यांची बाग फिनाला मिळावी. राऊल विचारेल, पडवी तिला का? म्हणून कारण लिहून ठेवते.

आमच्याकडे रविवारचा भात पुरुष रांधतात. एलिसेओ सकाळी संत्र्याची वाळकी लाकडे रचायचा, वर ती पसरट, दोन कानांची कढई ठेवायचा आणि मग कोणाला जवळ फिरकू द्यायचा नाही. ससा, कोंबडी, चपट्या शेंगा, मोठे पांढरे पावटे, पाऊस झाला असेल तर गोगलगायी. सशाचे काळीज तो तळून, लसणीबरोबर कुटून रश्श्यात सोडायचा. ‘हे आमच्या आजोबांचं गुपित,’ म्हणायचा. आम्ही सगळे कढईभोवती लाकडी चमचे घेऊन बसायचो, ज्याने त्याने आपल्या समोरचेच खायचे. तो मात्र आपल्या वाट्याचा चांगला तुकडा चमच्याने हळूच माझ्या बाजूला ढकलायचा आणि भलतीकडे बघायचा.

तो गेल्यावर राऊलला रविवारी सवड नव्हती. त्याच्या हॉटेलात रविवारीच गर्दी. तेव्हा दर रविवारी मला आणि फिनाला खरी पाएया, म्हणजे हाच कढईतला भात, शोधत बाहेर जेवावे लागले. या वयात माणसाला आपल्याच मुलुखात आपलाच भात शोधत हिंडावे लागते, ही गोष्ट कागदावर राहावी अशी माझी इच्छा आहे.

तीन. माझा संशयी स्वभाव मी फिनाला देत आहे. तिला त्याची गरज आहे. दारात रंगीत फोटोंचा फलक दिसला की तिने पुढे चालू लागावे. एकट्या माणसासाठी पाएया लगेच मिळेल म्हणणाऱ्याला ‘लगेच कशी?’ असे विचारावे. भात हळदीच्या गाठीसारखा पिवळाधमक असेल, तर केशराची चौकशी करू नये, वाढप्याला उगाच खोटे बोलायला लावू नये. पाएया दुपारीच खायची; रात्री ती मागणारे आणि देणारे, दोघांपासून लांब राहावे. भातात तिखट सॉसेज दिसले तर पैसे देऊन उठावे, वाद घालू नये. मी घातला होता, उपयोग झाला नाही. आणि तळाला खरपुडी नसेल, तर तो भात त्या कढईत शिजलेलाच नाही, बाहेरून आणून ओतलेला आहे, हे समजावे.

फिना गाडीत म्हणायची, “आई, एखाद्या रविवारी नुसतं जेवू या ना. तपास नको.”

“तू जेव. मी बघते,” मी म्हणायचे.

चार. राऊलने किनाऱ्यावरच्या आपल्या हॉटेलावर ‘एलिसेओची पाएया’ असा फलक लावला आहे. बापाच्या नावाचा फलक बघून शेजारणींनी माझे अभिनंदन केले. मला मात्र त्याने एकदाही जेवायला बोलावले नाही, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हणून फिनाला घेऊन मी न कळवता गेले. राऊल बाहेर गेला होता. वाढप्याने मला ओळखले नाही.

मी म्हटले, “एलिसेओची पाएया आण बाबा. सावकाश होऊ दे.”

“सावकाश कशाला, आजी? आत्ता आणतो!”

आणि आणली. माझ्या हातातला पावाचा तुकडासुद्धा संपला नव्हता. कढई गरम, भात मध्ये गार. मी हात धुवायला म्हणून उठले आणि चुकून उघडावे तसे मुदपाकखान्याचे दार उघडले. चूल नव्हती. लाकूड नव्हते. गोठवलेल्या भाताचे डबे एकावर एक रचलेले होते आणि एक माणूस ते यंत्रात गरम करून लहान लहान कढयांत पालथे करत होता. बाहेर आले तेव्हा माझ्या शालीला धुराचा वासही लागलेला नव्हता.

संध्याकाळी राऊल घरी आला. मुदपाकखान्यात डोकावलेल्या म्हातारीचे वर्णन वाढप्याने त्याला सांगितले असावे.

“आई, लोक परदेशातून येतात, फोटो काढतात, खूश होऊन जातात. त्यांना काय कळतंय?”

“त्यांना कळत नाही म्हणूनच तू त्यांना वाढतोस. मला का नाही बोलावलंस?”

तो गाडीच्या किल्ल्या उचलू लागला.

“धंदा तुझा. डबे तुझे. नाव तुझ्या बापाचं आहे, ते काढ.”

“नाव माझंही आहे,” तो म्हणाला आणि निघून गेला. फलक अजून तिथेच आहे.

कायद्याने जो हिस्सा माझ्या मर्जीवर मोकळा सोडला आहे, म्हणजे माझी बचत, ती फलक उतरल्याचे फिनाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर राऊलला मिळावी. फोटो चालणार नाही. फलक न उतरल्यास ती फिनाची. पुढे नाव पुन्हा लावायचे असेल, तर त्याची वाट पाचव्या कलमात आहे.

पाच. एलिसेओची मोठी कढई, तिचा तिपाया आणि लाकडी चमचे सोल्याना गावाच्या रस्त्यावरच्या खाणावळीच्या मालकीणबाई ओबदुलिया यांना मिळावेत. ही बाई कोण, अशी गावात कुजबुज होईल. ती होण्याआधी मीच सांगते.

आमच्या लग्नापासून एलिसेओ दर गुरुवारी पाटाच्या पाण्याच्या सभेला म्हणून जायचा. खाचरे कोरडी पडायची, पाट बंद व्हायचे, सभा मात्र चालूच. येताना अंगाला धूर आणि रोझमेरीच्या पाल्याचा वास, आणि रात्री जेवायला नको. मी संसारात पुष्कळ विचारले, हे कधी विचारले नाही. विचारून खोटे उत्तर मिळाले असते, तर ते सांभाळत बसावे लागले असते.

तो गेल्यावर, खऱ्या पाएयेच्या शोधात, एका रविवारी आम्ही त्या खाणावळीत शिरलो. बाहेर फलक नाही. सकाळी फोन करून सांगितले नसेल तर भात मिळत नाही, म्हणून आधी परत पाठवले. पुढच्या रविवारी सांगून गेलो. बराच वेळ बसवले, तेव्हा मला थोडा विश्वास वाटू लागला. कढई आली. पहिला घास घेतला आणि माझा हात थांबला. काळीज, लसूण, तीच चव, तळाला तीच करकरीत खरपुडी. फिना रडू लागली. मला रडू आले नाही. मला गुरुवार आठवले.

मी उठून चुलीकडे गेले. खुर्चीत बसून, काठीने लाकडे सरकवत एक म्हातारी होती, माझ्याहून वयाने मोठी.

“काळीज कुटून घालायचं तुला कोणी शिकवलं?” मी विचारले.

“आईनं. का?”

“हे माझ्या नवऱ्याचं आहे.”

तिने मला खालीवर पाहिले. “तू एलिसेओची बायको होय! ये, बस.”

“मला बसायचं नाही. तो इथं येत होता?”

“दर गुरुवारी.”

“तुला शिकवायला?”

ती हसली. “मला? अगं, मी त्याला शिकवलं. तुमच्या लग्नानंतरचा पहिला रविवार झाला आणि हा पडेल चेहऱ्यानं दारात उभा. म्हणाला, भात गिचका झाला, बायको काही बोलली नाही, पण तिच्यासमोरचा निम्मा तसाच राहिला.”

हे खरे होते. तो भात अजून आठवतो.

मी म्हटले, “बरं, शिकला. मग इतकी वर्षं दर गुरुवारी? एवढा मंद होता का तो?”

“मंद कसला! गुरुवारी माझी लाकडं फोडायचा आणि इथं करून बघायचा. कधी खारट व्हायचा, कधी करपायचा. ट्रकवाले, गवंडी खायचे आणि त्याला शिव्या घालायचे. तो म्हणायचा, रविवारी तिच्यापुढं चुकायला नको.”

मी खुर्ची ओढून बसले. मग विचारले, “आणि ते आजोबांचं गुपित?”

“आता तेवढी थाप पुरुषमाणसाला मारू द्यावी.”

मी एवढ्यावर विश्वास ठेवला नाही. पुढच्या गुरुवारी एकटी बसने गेले आणि कोपऱ्यात जेवणाऱ्या एका म्हाताऱ्या ट्रकवाल्याला सहज विचारले, एलिसेओ आठवतो का. “तो लाकडं फोडणारा? आठवतो तर! त्यानं आमच्या पोटावर रांधायचा हात साफ करून घेतला,” तो म्हणाला. तेव्हा मी बऱ्याच अंशी विश्वास ठेवला. तेव्हापासून माझा रविवारचा भात तिथेच होतो.

ओबदुलिया साक्षीदार व्हायला तयार होती. जिला काही मिळणार तिने सही करू नये, असे नोटरीबाईंनी सांगितले. ते मला पटले.

राऊलला बापाचे नाव पुन्हा लावायचे असेल, तर त्याने त्या चुलीवर गुरुवारी रांधावे, आणि ओबदुलिया “हं” म्हणेल त्या दिवशी लावावे. ती त्याआधी गेली, तर तिची सून म्हणेल ते. तिचे “हं” विकत मिळत नाही. मी चौकशी केली आहे.

सहा. माझ्या दफनानंतर चर्चच्या आवारात कॉफी आणि बिस्किटे देऊन लोकांना वाटेला लावू नये. खाणावळीत सकाळीच निरोप द्यावा आणि सगळ्यांनी भात होईपर्यंत बसून राहावे. राऊल आणि फिनाने एकमेकांशेजारी बसावे. बोलले नाहीत तरी चालेल.

सात. मला दफनभूमीच्या भिंतीत एलिसेओच्या शेजारच्या कोनाड्यात ठेवावे. जागा आधीच घेतलेली आहे, पावती फिनाकडे आहे; दगडावर दोघांची नावे नीट लिहिली आहेत की नाही, ते चुना वाळण्याआधी पाहून घ्यावे. आमच्यात सगळा उलगडा झाला आणि आता त्याला विचारायचे काही उरले नाही, असे मात्र कोणी समजू नये.

वरील मजकूर मी दोनदा वाचला, साक्षीदारांकडून एकदा मोठ्याने वाचून घेतला, आणि त्यांनी काही गाळले नाही हे कागदावर बोट ठेवून पाहिले.

सही: हर्मिनिया आलापोंत मातोसेस

साक्षीदार:
१. बेर्नात ग्रानेल, औषधविक्रेता, सुएका
२. लेओनोर सापेन्या, शेजारीण (हिने राऊलच्या हॉटेलात कधी जेवल्याचे नाकारले आहे)

स्थळ: सुएका
दिनांक: १६ नोव्हेंबर २०१७, गुरुवार